माप आणि माहात्म्य

आमच्या परिचयाचे एक सेवानिवृत्त गृहस्थ कैलास-मानसच्या यात्रेस निघण्याच्या विचारात आहेत. त्यांनी वयाची साठी ओलांडली आहे, प्रकृती बेताची आहे, पण निश्चय मोठा आहे. मध्यंतरी एके सायंकाळी ते आमच्याकडे आले व म्हणाले, "प्रोफेसर, तुमचा सारा जन्म पुस्तकांत गेला. जाण्यापूर्वी एकच पुस्तक वाचावयाचे तर कोणते वाचू, ते सांगा." प्रश्न आम्हांस अगदी सोपा वाटला; परंतु उत्तर द्यावयास बसलो तेव्हा कळले की, तो सोपा नाही. यात्रेच्या पुस्तकाकडून आपण नेमके काय मागावयाचे, हेच आम्ही पूर्वी कधी नीट ठरविले नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या गृहस्थांस दिलेल्या उत्तराचा विस्तार होय.

प्रथम स्थळाविषयी दोन शब्द. पश्चिम तिबेटात, समुद्रसपाटीपासून सुमारे १५ हजार फूट उंचीवर, एक विस्तीर्ण पठार आहे. त्याच्या उत्तरेस सुमारे २२ हजार फुटांचे कैलासशिखर, दक्षिणेस २५ हजार फुटांहून उंच असा गुर्ला मांधाता, आणि दोहोंच्या मध्ये शेजारी शेजारी दोन सरोवरे: पूर्वेस मानस, पश्चिमेस राक्षसताल. मानसाचे पाणी गोड, तर राक्षसतालाचे मचूळ. सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा आणि कर्नाली या चार महानद्यांचा उगम याच टापूत आहे. हिंदूंचा शिव येथे राहतो. जैन यास ऋषभदेवांचे निर्वाणस्थान अष्टापद मानतात. तिबेटी बौद्ध कैलासास कांग रिंपोछे, म्हणजे अनमोल हिमरत्न, म्हणतात. आणि त्यांच्याही पूर्वीचा जो बोन धर्म, त्याचे अनुयायी त्याच पर्वतास डावे घालून उलट प्रदक्षिणा करतात. एकाच वाटेवर परस्परविरुद्ध दिशांनी चालणारे यात्रेकरू एकमेकांस भेटतात, आणि कोणी कोणाची वाट अडवीत नाही. एवढी श्रद्धा जेथे एकवटली आहे, त्या भूमीविषयी लिहिणे हे लेखकाच्या प्रामाणिकपणाची कसोटी पाहणारे काम आहे.

या कसोटीस आपली अलीकडची यात्रावर्णने कितपत उतरतात? कटू बोलणे आम्हांस आवडत नाही, तथापि येथे ते टाळता येत नाही. १९८१ साली भारतीय यात्रेकरूंस हा मार्ग पुन्हा मोकळा झाला, तेव्हापासून मराठीत या यात्रेची वर्णने पुष्कळ झाली. त्यांतील बहुतेकांचा साचा एकच. निवड झाल्याचा आनंद, कुटुंबीयांचा निरोप, वाटेवरचे सहप्रवासी, त्यांची थट्टामस्करी, मग मानसाचे पहिले दर्शन. आणि या ठिकाणी लेखकाची लेखणी एकाएकी हात टेकते. 'शब्द अपुरे आहेत', 'डोळ्यांत पाणी उभे राहिले', 'जन्माचे सार्थक झाले', एवढे सांगून तो पुढच्या मुक्कामास निघतो. पहाटे सरोवरावर उतरणाऱ्या दिव्य ज्योतींची हकीकत बहुधा असतेच. पण ती लेखकाने स्वतः पाहिली की शेजारच्या तंबूतील कोणी सांगितली, याचा उलगडा होत नाही. वारा कोणत्या दिशेचा होता, पाण्याचा रंग दुपारी कोणता व संध्याकाळी कोणता, काठावर वाळू होती की गोटे, यांतील काहीच कळत नाही. ज्या सरोवरासाठी माणसाने जीव धोक्यात घातला, ते सरोवरच पुस्तकात नसते!

या लेखकांस दोष दिला असता ते एक उत्तर देतात व ते आम्ही अनेकदा ऐकले आहे. ते म्हणतात, 'आम्ही भक्त आहोत, भूगोलवेत्ते नव्हे. जेथे माप आले तेथे माहात्म्य गेले.' हा समज आपल्याकडे इतका रूढ आहे की, तो जणू आपल्या परंपरेचाच भाग आहे असे वाटावे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मराठी गद्याच्या अगदी आरंभीच्या काळात महानुभावांनी 'स्थानपोथी' नावाचा ग्रंथ रचला. चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, बसले, जेवले, त्या स्थानांची ती नोंद आहे. तीत अलंकार नाही, स्तुतीही जवळजवळ नाही. देऊळ गावाच्या कोणत्या बाजूस, त्याचे दार कोणत्या दिशेस, आसन कोठे, एका स्थानापासून दुसरे कोणीकडे, एवढेच सांगितले आहे. लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने ही भूमी परमेश्वराच्या चरणांनी पुनीत झालेली. म्हणूनच तीत वीतभर चूक झालेली त्यांस खपत नव्हती. ज्याच्यावर प्रेम त्याचा पत्ता अचूक ठेवावा, इतकी ती साधी गोष्ट आहे.

पुढे विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' पाहावा. १८५७ साली ते वरसईहून दक्षिणा मिळविण्यासाठी उत्तरेस निघाले व बंडात सापडले. आपण द्रव्यासाठी निघालो हे ते लपवीत नाहीत. कोठे लुटले गेलो, कोठे उपाशी राहिलो, हेही लपवीत नाहीत. आणि हाच मनुष्य आईबापांस स्नान घालण्यासाठी गंगेची कावड खांद्यावरून कोकणापर्यंत आणतो. पैशाचा हिशेब आणि गंगेची कावड ही एकाच पुस्तकात गुण्यागोविंदाने नांदतात, आणि हिशेब खरा वाटतो म्हणूनच कावडही खरी वाटते. चिंतामणराव वैद्यांनी हे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध केले.

योगायोग असा की, त्याच १९०७ सालच्या उन्हाळ्यात एक स्वीडिश प्रवासी मानसाच्या काठी येऊन पोहोचला. स्वेन हेडिन याच्या 'ट्रान्स-हिमालया' या ग्रंथाचे पहिले दोन खंड १९०९ मध्ये निघाले. हेडिन हा मापाचा माणूस. घडीची होडी, खोली मोजण्याची दोरी, नकाशाचे कागद ही त्याची पूजासामग्री. सरोवराची देवता आपल्या पाण्यावर होडी सहन करणार नाही, असे तेथील लोकांनी त्यास बजाविले होते. तरी त्याने रात्रीच्या वेळी होडी लोटली, दोरी सोडली, आणि सरोवराची खोली कोठे किती हे मांडले. सर्वांत खोल जागी ती सुमारे २७० फूट भरली.

हेडिनचा दोष वाचकास शोधावा लागत नाही. तो पानोपानी स्वतः पुढे येऊन उभा राहतो. अमुक ठिकाणी पोहोचणारा पहिला गोरा मनुष्य मीच, या घोषाचा पुढे कंटाळा येतो. ज्या वाटेने शतकानुशतके हजारो लोक चालत आले, तिचा शोध लागतो म्हणजे काय, हा प्रश्न त्यास फारसा पडत नाही. असे असूनही आम्ही त्याच्या ग्रंथास मान देतो, व त्याचे कारण ती होडीतील रात्र होय. चंद्रप्रकाश, पाण्याचा निश्चल आरसा, उजाडताना मांधात्याच्या बर्फावर चढत जाणारा रंग, भीतीने गप्प झालेले वल्हेकरी, आणि दर थोड्या अंतरावर पाण्यात जाणारी ती दोरी: या पानांत हेडिनचा अहंकार गळून पडला आहे. हातात दोरी होती म्हणून त्यास रात्रभर पाण्यावर राहणे भाग पडले, आणि रात्रभर राहिला म्हणून सरोवर त्यास दिसले. माप घेण्याच्या निमित्ताने तो नकळत उपासनेच्या आसनावर बसला. आमचे भक्त लेखक त्याच काठावर एक-दोन रात्री राहतात व शब्द अपुरे असल्याचे सांगून परत येतात.

माप आणि माहात्म्य यांचे नाते किती जवळचे आहे, याचे आणखी एक उदाहरण येथेच आहे. मानस व राक्षसताल यांस जोडणारा एक कालवा आहे. त्यास गंगाछू म्हणतात. १८१२ साली गोसाव्याच्या वेषात तेथे गेलेल्या मूरक्रॉफ्टला मानसातून बाहेर वाहणारे पाणी आढळले नाही. १८४६ साली हेन्री स्ट्रॅची यास वाहता प्रवाह दिसला. यावरून भूगोलवेत्त्यांत बराच वाद झाला. खरे पाहता दोघांचेही खरे होते. मानसाची पातळी चढली म्हणजे कालवा वाहतो, उतरली म्हणजे कोरडा पडतो. तिबेटी लोक मात्र फार पूर्वीपासून सांगत आले आहेत की, गंगाछूला पाणी आले तर ते वर्ष शुभ. म्हणजे कालवा कधी वाहतो व कधी आटतो, याकडे त्यांचे लक्ष पिढ्यान्‌पिढ्या होतेच. श्रद्धेने जे निरीक्षण केले तेच शास्त्राने पुढे आकड्यांत मांडले.

आता दुसऱ्या टोकाचे पुस्तक घेऊ. ते मराठीचे असल्यामुळे त्याविषयी आम्हांस विशेष आस्था आहे. भगवान श्री हंस या महाराष्ट्रीय साधकाने विसाव्या शतकाच्या प्रारंभी ही यात्रा केली. त्यांची हकीकत मूळ मराठी. परंतु आमच्या हाती जे आले ते तिचे इंग्रजी रूप, 'द होली माउंटन'. त्यांचे शिष्य, वऱ्हाडातील बडनेऱ्याचे पुरोहित स्वामी, यांनी हे भाषांतर केले, डब्ल्यू. बी. येट्स यांनी त्यास दीर्घ प्रस्तावना जोडली, व १९३४ साली ते लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. येट्सच्या 'मेरू' या कवितेची प्रेरणा या पुस्तकाशी निगडित आहे. आयर्लंडच्या महाकवीने ज्या मराठी यात्रेकरूचे बोट धरून कैलास पाहिला, त्याचे नाव आज आमच्या पदवीधरांपैकी किती जणांस ठाऊक आहे, हे विचारावयाची आम्हांस भीती वाटते.

हंसांस सरोवराची खोली मोजावयाची नव्हती. त्यांस दत्तात्रेयाचे दर्शन हवे होते. औदुंबर, नरसोबाची वाडी, गाणगापूर यांच्या परिसरात वाढलेल्या व गुरुचरित्राची पारायणे ऐकलेल्या मनास दत्त हा घरचा देव. पण हा साधक त्यास शोधीत कैलासाच्या अंगावरील गौरीकुंडाच्या बर्फापर्यंत जातो, तेथे अनुष्ठानास बसतो, आणि शेवटी दत्तगुरूंनी आपणास प्रत्यक्ष दीक्षा दिली असे लिहितो.

अशा मजकुरापुढे टीकाकाराने काय करावे? हे दर्शन खरे की भास, याचा निवाडा करणे आमच्या अधिकाराबाहेरचे आहे, आणि तो करण्याचा आव आम्ही आणणार नाही. साहित्याच्या अभ्यासकास विचारता येतो तो प्रश्न निराळा: लेखकाने आपला अनुभव जसा आला तसा सांगितला आहे की लोकांस आवडेल तसा? या कसोटीवर हंस उत्तीर्ण होतात. थंडीने शरीराचे झालेले हाल, दर्शन न होण्याची भीती, मनाची तगमग ही ते झाकून ठेवीत नाहीत. हेडिनने जशी पाण्यात दोरी सोडली तशी त्यांनी ती स्वतःच्या मनात सोडली आहे. मात्र एक उणीव सांगितलीच पाहिजे. त्यांचे लक्ष शिखरावरील भेटीकडे इतके लागलेले आहे की, वाटेवरची माणसे, विशेषतः तिबेटी माणसे, त्यांस अंधुक दिसतात. त्या भूमीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचाही त्या देवावर काही हक्क आहे, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

ही उणीव ज्याने भरून काढली तो तिसरा लेखक म्हणजे स्वामी प्रणवानंद. हे मूळचे आंध्रातील. १९२८ पासून ते पुनःपुन्हा या प्रदेशात गेले, आणि १९३६-३७ मध्ये मानसाच्या दक्षिण काठावरील ठुगोल्हो गोंपात त्यांनी संपूर्ण वर्ष काढले. त्यांचे 'एक्सप्लोरेशन इन तिबेट' कलकत्ता विद्यापीठाने १९३९ साली छापले, व 'कैलास-मानसरोवर' हा मोठा ग्रंथ जवाहरलाल नेहरूंच्या प्रास्ताविकासह १९४९ साली निघाला. संन्याशाने पुस्तक लिहिले म्हणजे त्यात वेदान्त असणार, अशा समजुतीने जो हे उघडील त्याची फसगत होईल. आरंभी भक्तीची काही पाने आहेत. पण पुढे कोष्टकांमागून कोष्टके! अल्मोड्याहून कैलास सुमारे २४० मैल. कोणत्या पडावापासून कोणता पडाव किती अंतरावर. बरोबर काय घ्यावे. कोणत्या गोंपात भिक्षू किती. थंडीत पारा कितीवर उतरला. चार नद्यांचे उगम नेमके कोठे. या शेवटच्या मुद्द्यावर तर त्यांनी हेडिनशी वाद घातला आहे, आणि तोही तेथील लोक ज्यास उगम म्हणतात त्या परंपरेचा आधार घेऊन. हजारो वर्षे वयाचे सिद्धपुरुष तेथे भेटतात, या वदंतांनाही त्यांनी थारा दिलेला नाही.

ललित वाङ्मय म्हणून या ग्रंथास पहिली पंगत मिळणार नाही, हे मान्य केले पाहिजे. रचना विस्कळीत आहे, पुनरुक्ती आहे, आणि लेखक स्वतःस इतका मागे ठेवतो की कित्येकदा पंचांग वाचीत असल्याचा भास होतो. तथापि त्याच ग्रंथात मानसाच्या गोठण्याची व पुन्हा वितळण्याची हकीकत आहे. मानस गोठते, बर्फास भेगा पडतात, खालून निरनिराळे आवाज येऊ लागतात, आणि मग महिन्यांमागून महिने हा संन्यासी काठावर राहून त्या बर्फाची रोजची स्थिती टिपतो. गोठलेल्या राक्षसतालावरून चालत तो त्यातील बेटेही पाहून येतो. आमच्या संस्कृत कवींनी मानसाकडे जाणारे हंस गायिले. डोक्यावर काळे पट्टे असलेले हंसजातीचे पक्षी याच सरोवरांच्या प्रदेशात वीण घालतात, ही गोष्ट कवींच्या कल्पनेत भर घालते, तीतून काही वजा करीत नाही. प्रणवानंदांची कोष्टके वाचताना आम्हांस राहून राहून स्थानपोथीची आठवण झाली. तोच निरलंकार स्वर, आणि चूक होऊ नये म्हणून तीच धडपड.

अचूकपणाची किंमत काय, हे त्यानंतरच्या इतिहासाने दाखवून दिले. प्रणवानंदांच्या काळी मानसाच्या काठी आठ गोंपा होत्या व कैलासाच्या प्रदक्षिणेत पाच. १९६६ ते १९७६ या सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात तिबेटातील मठमंदिरांचा जो विध्वंस झाला, त्यातून हा टापू सुटला नाही. पुढे काही गोंपा पुन्हा उभ्या राहिल्या. पण जुन्या वास्तू, त्यांतील मूर्ती व पोथ्या परत आल्या नाहीत. आज त्यांच्याविषयी काही जाणून घ्यावयाचे तर हेडिन व प्रणवानंद यांच्याच पानांकडे वळावे लागते. कारण या दोघांनी दारे कोठे होती, मूर्ती कोणत्या होत्या, माणसे किती होती, हे लिहून ठेवले. त्यांनी जर 'शब्द अपुरे आहेत' एवढेच लिहिले असते, तर त्या गोंपा दुसऱ्यांदा नष्ट झाल्या असत्या.

दुसरी गोष्ट याहून निकडीची आहे. जुना यात्रेकरू अल्मोड्याहून आठवडेच्या आठवडे पायी चढत जाई, व शरीरास विरळ हवेची हळूहळू सवय होई. आज मोटारींनी व काही मार्गांवर हेलिकॉप्टरने मनुष्य थोड्या दिवसांत १५ हजार फुटांवर नेऊन ठेवला जातो, आणि मग सुमारे साडेअठरा हजार फुटांवरील डोल्मा खिंड ओलांडावयाची असते. या उंचीवर फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचून धडधाकट माणसेही दगावतात. 'त्यानेच बोलाविले, त्यानेच नेले, त्यानेच आणले' असे लिहिणारा लेखक जिवंत परत आलेला असतो, हे वाचकाने विसरू नये. जे परत आले नाहीत त्यांची पुस्तके नाहीत. अशा ठिकाणी गोलमाल लिहिणे हा केवळ वाङ्मयीन दोष राहत नाही. २०२० पासून बंद असलेली ही यात्रा २०२५ साली पुन्हा सुरू झाली आहे. वर्णनांचे नवे पीक येणार हे उघड आहे. त्या भावी लेखकांस आमची एवढीच विनंती की, डोळे भरून येण्यापूर्वी एकदा नीट पाहून घ्यावे.

त्या गृहस्थांस आम्ही प्रथम प्रणवानंदांचा ग्रंथ दिला. आठ दिवसांनी ते परत आले, ते काहीसे रागावूनच. "अहो, यात मैल आहेत, फूट आहेत, पारा आहे. देव कोठे आहे?" आम्ही काही न बोलता सरोवराच्या बर्फाची पाने काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती तेथेच बसून वाचली, मग पुन्हा एकदा वाचली, आणि बऱ्याच वेळाने विचारले, "हा मनुष्य वर्षभर तेथे एकटा बसून हेच पाहत होता?" आम्ही होय म्हणालो. उठताना त्यांनी ते पुस्तक आणखी काही दिवसांसाठी मागून घेतले, आणि उंचीचे कोष्टक वाचल्यापासून आपण वैद्यकीय तपासणी करून घेण्याचे ठरविले आहे, असेही जाता जाता सांगितले. तपासणीचा निकाल अद्याप यावयाचा आहे. तो अनुकूल आला तर हंसांचे पुस्तक त्यांच्यासाठी काढून ठेवले आहे. आणि प्रतिकूल आला, तर मग ते अधिकच अगत्याने देऊ.